सातवीसाठी घर बदलायचं का?

पत्राचा गोषवारा: आम्ही मूळचे नाशिकचे. आधी कॅलिफोर्निया, मग न्यू जर्सी आणि गेली दोन वर्षं व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्स कौंटीत भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहतो. मुलगी सहावीत आहे, ऑगस्टमध्ये मिडल स्कूलला जाईल. आमच्या पत्त्याला जी शाळा येते तिचं रेटिंग दहापैकी ५ आहे. पंधरा मिनिटांवरच्या दुसऱ्या शाळेचं ९. ग्रीन कार्डचं अजून काही खरं नाही, त्यामुळे तिकडे घर विकत घेणं शक्य नाही, पण भाड्याने मिळेल. महिन्याला ९०० डॉलर जास्त पडतील. नवरा म्हणतो, शिक्षणात पैशाकडे बघायचं नसतं. पुढे टीजेला (थॉमस जेफरसन या नावाजलेल्या विज्ञान-तंत्रज्ञान हायस्कूलला) जायचं तर पाया आत्ताच चांगला हवा. ऑफिसातले आणि मंडळातले सगळे हेच सांगतात. मुलगी अभ्यासात बरी आहे, गणित आवडतं, पण एएपीच्या लेव्हल फोरमध्ये, म्हणजे निवडक हुशार मुलांच्या खास वर्गात, नाही. शाळेत व्हायोला वाजवते. ती म्हणते, ‘मला परत नवीन बसमध्ये एकटीला बसायचं नाही.’ लहान आहे, रुळेल. लीजचं उत्तर फेब्रुवारीअखेर द्यायचं आहे. पाचच्या शाळेत घालून आम्ही तिचं नुकसान तर करत नाही ना?

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वेळी ५ आणि ९ हे आकडेच दिसले. दुसऱ्या वेळी बस दिसली. बसकडे मी येणारच आहे, पण आधी आकड्यांचा हिशेब करू, कारण रात्री झोप उडवतात ते तेच.

घर शोधायच्या साइटवर प्रत्येक घराखाली शाळेचा जो एक ते दहामधला आकडा दिसतो, तो बहुतेक वेळा ग्रेटस्कूल्स या संस्थेचा असतो. तो आकडा एकसंध नसतो. परीक्षेचे गुण, मुलांची वर्षभरातली प्रगती आणि वेगवेगळ्या गटांतल्या मुलांमधली तफावत, असे दोन-तीन आकडे कालवून तो बनतो. त्यावर टिचकी मारली की आतले भाग वेगळे दिसतात. तुमच्या ‘पाच’मध्ये प्रगतीचा आकडा किती आहे, हे तुम्ही पाहिलंत का? पत्रात तसं काही नाही, म्हणून विचारते. परीक्षेचे गुण ४ आणि प्रगती ७, अशी फोड निघाली तर चित्र निराळं. दोन्ही ४ असतील तर मग तुमच्या यजमानांची काळजी मला जास्त पटेल.

आपण शितावरून भाताची परीक्षा करतो, आणि ती बरोबरही ठरते, कारण सगळा भात एकाच भांड्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो. सरकारी शाळेचं भांडं तसं नसतं. एक अगदी साधं गणित मांडते, आकडे माझ्या मनचे आहेत. समजा ‘अ’ शाळेत शंभर मुलं आहेत. त्यातली ८० सुस्थितीतल्या, इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली आणि २० नुकतीच देशात आलेली, इंग्रजी शिकत असलेली. ‘ब’ शाळेत हेच प्रमाण ४० आणि ६०. सुस्थितीतली मुलं दोन्हीकडे ९० टक्के पास होतात. नव्याने आलेली ‘अ’मध्ये ६० टक्के आणि ‘ब’मध्ये ६५ टक्के पास होतात. आता बेरीज करा. ‘अ’चा निकाल ८४ टक्के, ‘ब’चा ७५. सगळे म्हणणार ‘अ’ चांगली. पण एकाही गटाला ‘अ’ने ‘ब’पेक्षा जास्त शिकवलेलं नाही, उलट एका गटाला ‘ब’नेच जास्त शिकवलंय! नऊ टक्क्यांचा सगळा फरक भोवतालच्या वस्तीतून आला. त्याच फरकासाठी लोक महिन्याला ९०० डॉलर मोजतात.

हे माझं एकटीचं तत्त्वज्ञान नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या शॉन रिअर्डन यांच्या गटाने देशभरातल्या सरकारी शाळांचे निकाल एका मापावर आणून तपासले आहेत. त्यात दिसतं ते असं: शाळेचे सरासरी गुण घरच्या आर्थिक परिस्थितीशी घट्ट बांधलेले असतात, पण मुलं दर वर्षी किती पुढे सरकतात याचा त्या परिस्थितीशी संबंध बराच सैल असतो. त्यांचा नकाशा इंटरनेटवर फुकट बघता येतो. त्यात ‘लर्निंग रेट्स’ (मुलं वर्षात किती शिकतात) हा पर्याय निवडून तुमच्या दोन्ही शाळा शोधा.

मग व्हर्जिनियाच्या शिक्षण खात्याचं प्रत्येक शाळेचं प्रोफाइल उघडा. तिथे एसओएल या राज्याच्या वार्षिक परीक्षांचे निकाल गटवार दिलेले असतात. एकूण टक्केवारीकडे दुर्लक्ष करा आणि तुमच्या मुलीसारख्या मुलांची ओळ दोन्ही शाळांत शोधून शेजारी शेजारी ठेवा. एक खाचखळगा मात्र सांगून ठेवते. आठवीत अल्जेब्रा घेणारी मुलं अल्जेब्राची परीक्षा देतात, आठवीच्या गणिताची देत नाहीत. म्हणजे ‘आठवी, गणित’ या ओळीत आठवीतली ही पुढे गेलेली मुलं नसतातच. तो निकाल पाहून पालक घाबरतात, आणि ज्या मुलाची त्यांना काळजी असते ते मूल त्या ओळीत बसणारच नसतं.

त्याच पानावर अनुपस्थितीचा आकडा असतो. वर्षाचे दहा टक्के किंवा जास्त दिवस बुडवणाऱ्या मुलांचं प्रमाण. १८० दिवसांच्या वर्षात म्हणजे १८ दिवस. मला विचाराल तर शाळेचं घर नीट चाललंय की नाही हे या आकड्यावरून रेटिंगपेक्षा लवकर कळतं. सारख्याच वस्तीतल्या दोन शाळांत एकीकडे पोरं रोज येतात आणि दुसरीकडे येत नाहीत, तर त्याला काहीतरी कारण असतंच.

आता नऊच्या शाळेविषयी. ती एएपीचं सेंटर आहे का, हे आधी बघा. फेअरफॅक्समधल्या काही मिडल स्कूलमध्ये लेव्हल फोरची मुलं बाहेरच्या हद्दींतूनही येतात. अशा शाळेचे गुण चढे असणारच, वेचून आणलेली मुलं आहेत ती. तुम्ही त्या हद्दीत घर घेतलंत म्हणून तुमची मुलगी आपोआप त्या वर्गात बसणार नाही. ती त्याच इमारतीत, पण दुसऱ्या वर्गात असेल. हळदीकुंकवाला आमंत्रण आलं आणि वाण मात्र मिळालं नाही, असं व्हायचं.

तुमच्या यजमानांच्या बोलण्यामागची भीती मला कळते, आणि ती खोटी नाही. ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला. बारा-तेराच्या वयात संगत आईबापांपेक्षा भारी पडते. पण मिडल स्कूलमध्ये मूल हजारभर मुलांशेजारी बांधलेलं नसतं. ते बांधलेलं असतं आपल्या सात-आठ तासिकांमधल्या मुलांशेजारी. फेअरफॅक्सच्या मिडल स्कूलमध्ये मुख्य विषयांचे ऑनर्स, म्हणजे जास्त सखोल, वर्ग सगळ्यांना खुले असतात, त्यासाठी एएपीचा शिक्का लागत नाही. सातवीत अल्जेब्रा घ्यायला मात्र परीक्षांच्या अटी आहेत. तेव्हा पवळ्याला कुठे बांधायचं ते बरंचसं हिवाळ्यात घरी येणाऱ्या विषयनिवडीच्या फॉर्मवर ठरतं. तो फॉर्म कित्येक आपली मंडळी दप्तरात चुरगळलेला सापडल्यावर शेवटच्या दिवशी भरतात. (आमच्याही घरी एकदा असंच झालं होतं, म्हणून हक्काने बोलते.)

टीजेचं काय? थॉमस जेफरसन हायस्कूलची जुनी प्रवेश परीक्षा २०२० मध्ये बंद झाली. ती असताना दर वर्षीच्या जागांतला मोठा वाटा मोजक्याच मिडल स्कूलमधली मुलं नेत. मंडळात तुम्हाला सल्ला देणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या मुलांच्या वेळी तोच काळ होता, आणि तेव्हा त्यांचा सल्ला चुकीचा नव्हता. नव्या पद्धतीत प्रत्येक सरकारी मिडल स्कूलला तिच्या आठवीच्या पटाच्या दीड टक्का जागा राखून ठेवल्या जातात. उरलेल्या साधारण शंभर जागा सर्वांसाठी खुल्या असतात. या पद्धतीवर खटला झाला. २०२३ मध्ये अपील न्यायालयाने ती वैध ठरवली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला.

याचा अर्थ लावा. आठवीत ४०० मुलं असतील तर त्या शाळेच्या वाट्याला ६ जागा. नऊच्या शाळेत त्या जागांसाठी घरोघर तयारी चाललेली असणार. पाचच्या शाळेतही जागा तेवढ्याच, पण रांग बहुधा आखूड. म्हणून टीजेसाठी पाचच्या शाळेत जा, असा डाव मी मांडत नाही. नियम उद्या बदलू शकतात आणि बारा वर्षांच्या मुलीचं आयुष्य डावपेचांवर चालवू नये. पण ‘टीजेसाठी तिकडे जायलाच हवं’ हे कारण आता तेवढं उरलेलं नाही. अर्ज करायला आठवीपर्यंत अल्जेब्रा लागतो. तो तुमच्या शाळेतही असणार. किती मुलं घेतात, हा खरा प्रश्न. आणि हो, पत्रात टीजे हा शब्द तुमच्या यजमानांच्या तोंडी आला आहे. मुलीच्या तोंडी तो एकदाही नाही.

यजमान पैशाकडे बघू नका म्हणतात, मी बघते. ९०० गुणिले २४ म्हणजे २१,६०० डॉलर. गुणिले २४ अशासाठी की फेअरफॅक्समध्ये बहुतेक ठिकाणी मिडल स्कूल दोनच वर्षांचं, सातवी आणि आठवी. मूल स्थिरावेपर्यंत पहिलं वर्ष अर्धं सरतं, दुसऱ्याच्या हिवाळ्यात हायस्कूलचे फॉर्म येतात. एवढ्या छोट्या मुक्कामासाठी तुम्ही घर हलवताय. हायस्कूलचा विचार करूनच हलत असाल तर तो निराळा आणि कदाचित जास्त शहाणपणाचा प्रश्न आहे, मग तुलना हायस्कूलची करा. तिथले लोक ज्याला पिरॅमिड म्हणतात, म्हणजे एक हायस्कूल आणि तिथे मुलं पाठवणाऱ्या खालच्या शाळा, तो नीट तपासा. काही मिडल स्कूलमधली मुलं पुढे दोन वेगवेगळ्या हायस्कूलमध्ये विभागली जातात. दोन वर्षांत जमलेली मैत्रीण नववीत रस्त्यापलीकडच्या शाळेत, असं होतं.

शिवाय हद्दी काही दगडावरच्या रेघा नाहीत. कौंटीने २०२४ मध्ये सगळ्या हद्दींचा फेरविचार सुरू केला, कित्येक दशकांत पहिल्यांदाच, आणि यापुढे दर पाच वर्षांनी तो करायचं धोरण ठेवलं. तेव्हा नव्या लीजवर सही करण्याआधी तो पत्ता पुढच्या वर्षी कोणत्या शाळेला जातो, हे घरमालकाच्या किंवा एजंटच्या तोंडावर सोडू नका. कौंटीच्या साइटवर पत्ता घालून स्वतः बघा.

घर न हलवता शाळा बदलून मिळते का, हेही काही जण विचारतात. ठरावीक कारणांसाठी अर्ज करता येतो, पण ‘तिचं रेटिंग जास्त आहे’ हे त्या कारणांत बसत नाही. भरलेल्या शाळा अर्ज घेत नाहीत, आणि घेतला तरी बस मिळत नाही. बहुतेक मिडल स्कूल सकाळी साडेसातच्या सुमारास भरतात. रोज पहाटे पंधरा मिनिटं तिकडे, मग ऑफिस. विचार करूनच या वाटेला जा.

एवढं बोलल्यावर तुम्हाला वाटेल की माझा कौल ठरलेलाच आहे. अगदी तसं नाही. मी तुमच्या जागी असते आणि तुमच्या शाळेत सातवी-आठवीचं ऑर्केस्ट्रा नीट चालत नाही असं कळलं असतं, किंवा आठवीत अल्जेब्रा घेणारी मुलं एका वर्गापुरतीही नाहीत, किंवा दर वर्षी निम्मे शिक्षक सोडून जातात असं कळलं असतं, तर मीही खोकी भरायला घेतली असती. हे रेटिंगवरून कळत नाही. विचारल्याने कळतं.

तेव्हा फेब्रुवारीच्या आत दोन्ही शाळांच्या काउन्सेलरना एक-एक ईमेल करा. ‘तुमची शाळा चांगली आहे का’ असं विचारलंत तर दोन्हीकडून गोड उत्तर येईल. त्याऐवजी विचारा, गेल्या वर्षी सातवीत किती मुलांनी अल्जेब्रा घेतला आणि आठवीत किती? ऑनर्स घेऊन एखादं मूल पहिल्या सत्रात अडखळलं तर त्याच्यासाठी तुम्ही काय करता, कोण करतं, आठवड्यातून कधी? स्ट्रिंग्जचा (तंतुवाद्यांचा) शिक्षक या शाळेत किती वर्षं आहे? शाळा सुटल्यावरच्या कार्यक्रमानंतर उशिराची बस कोणत्या दिवशी असते? पहिल्या शाळेने दोन दिवसांत नेमकं उत्तर दिलं आणि दुसरीने माहितीपत्रकाची लिंक चिकटवली, तर तीही माहितीच झाली. नव्या पालकांसाठी संध्याकाळची सभा असते, तिला दोघांनी जा आणि मुलीलाही न्या. सभेत मुख्याध्यापक काय बोलतात त्यापेक्षा कॉरिडॉरमध्ये वाट दाखवायला उभी केलेली आठवीची पोरं कशी बोलतात त्याकडे लक्ष द्या. जमलं तर एका दुपारी शाळा सुटताना समोर गाडी लावून दहा मिनिटं बसा. गर्दीतून एकटी चालणारी मुलं किती आणि त्यांच्याकडे बघणारी मोठी माणसं किती, हे डोळ्यांना दिसतं.

आणि ज्यांनी अशी तपासणी केली नाही त्यांचं ऐकू नका. मंडळातल्या कोणाचं मूल तुमच्या पाचच्या शाळेत प्रत्यक्ष शिकलंय? एक जरी सापडलं तर त्या आईला चहाला बोलवा. मला दाट शंका आहे की तुम्हाला सल्ला देणाऱ्यांपैकी कोणीही त्या इमारतीत पाऊल ठेवलेलं नाही.

इतर कौंट्यांतल्या वाचकांसाठी थोडक्यात: नियम गावागणिक बदलतात, त्यामुळे फेअरफॅक्सचं गणित जसंच्या तसं उचलू नका. शेजारच्या लाउडनमध्ये आणि मेरीलँडच्या माँटगोमेरीत मिडल स्कूल सहावीपासून, म्हणजे तीन वर्षांचं. तीन वर्षांसाठी घर हलवणं आणि दोनसाठी हलवणं यांत फरक आहे. माँटगोमेरीत टकोमा पार्क आणि ईस्टर्न या शाळांतले मॅग्नेट कार्यक्रम (निवडक मुलांचे खास अभ्यासक्रम) प्रसिद्ध आहेत, पण करोनाकाळापासून तिथे पात्र मुलांमधून चिठ्ठ्या टाकून निवड होऊ लागली. तेव्हा त्या जागेच्या भरवशावर घर ठरवणं म्हणजे म्हैस पाण्यात असताना मोल करणं. ज्यांना विकत घर घ्यायचंय त्यांनी हायस्कूलपर्यंतचा अख्खा रस्ता बघावा. भाडेकरूंना एक सोय आहे, जी तुम्ही ताई विसरताय: एका वर्षाची लीज करून सातवी बघायची आणि पटलं नाही तर आठवीआधी हलायचं. आत्ता हलून पटलं नाही, तर ती सोय पुन्हा वापरायला तुमच्यातही त्राण उरणार नाही आणि मुलीतही.

आता बस.

‘लहान आहे, रुळेल’ असं तुम्ही लिहिलंय. कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, व्हर्जिनिया. ती याआधी दोनदा रुळली आहे. रुळणं तिला येतं, ते तिला नव्याने शिकवायची गरज नाही. यावेळी ती तुम्हाला काहीतरी नेमकं सांगते आहे. बसमध्ये शेजारची जागा कोणाची तरी ठरलेली असावी, एवढंच. घर न हलवताही ऑगस्टमध्ये तिची बस नवीन असेल, हे खरं. पण त्या बसमध्ये तिच्या आत्ताच्या वर्गातली, तिच्या अपार्टमेंटच्या आवारातली मुलं असतील. तिकडच्या बसमध्ये एकही ओळखीचा चेहरा नसेल, आणि मांडीवर व्हायोलाची पेटी.

हे तिच्याशी नीट बोला. ‘तुला काय हवंय’ असं मोघम विचारू नका, तो भार तिच्यावर नको. दोन्ही शाळा दाखवून आणल्यावर विचारा, ‘इथे डबा खायला कोणाबरोबर बसशील?’ तिचं उत्तर ऐका आणि निर्णय तुम्ही दोघांनी घ्या.

तुम्ही लिहिलेल्या माहितीवर मला आज विचाराल तर मी लीज वाढवून घेईन, एका वर्षासाठी. २१,६०० मधले थोडे पैसे व्हायोलाच्या शिकवणीला लावीन. काउन्सेलरची उत्तरं वेगळी आली तर पुन्हा लिहा, तेव्हा कदाचित माझं उत्तरही वेगळं असेल. आणि तो विषयनिवडीचा फॉर्म आज रात्रीच दप्तरात शोधा.